तज्ज्ञाने सगळ्यात शेवटी बोलायचं : न्यू मेक्सिकोतल्या ‘इको’ वर्गाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला असलेलं न्यू मेक्सिको हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा किंचित मोठं आहे आणि तिथली लोकसंख्या मात्र वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षा कमी. विरळ वस्ती, लांबच लांब रस्ते आणि बहुतेक सगळे विशेषज्ञ अल्बुकर्की शहरात. २००३ च्या सुमारास या राज्यात हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे तीस हजारांच्या आसपास रुग्ण असावेत असा अंदाज होता. त्यांतल्या पाच टक्क्यांहून कमी लोकांवर उपचार झाले होते. तुरुंगातल्या बाधित कैद्यांपर्यंत तर उपचार पोहोचलेच नव्हते. विद्यापीठाच्या रुग्णालयात यकृताच्या तज्ज्ञाची वेळ मिळायला आठ-आठ महिने लागत आणि काही रुग्णांना त्यासाठी चारशे किलोमीटर गाडी चालवत यावं लागे.

ऑनलाइन वर्ग रंगतदार कसा करावा, या प्रश्नाचा एका आजाराशी काय संबंध, असं वाटू शकेल. माझ्या मते या प्रश्नाचं आजवरचं सर्वांत भक्कम उत्तर याच राज्यात, याच आजाराच्या निमित्ताने सापडलं. थेट ऑनलाइन शिकवण्यामुळे बाहेरच्या जगात काय बदललं हे माणसांच्या तब्येतीवरून मोजलं गेलं, अशी प्रकरणं फार नाहीत. म्हणून हे सविस्तर पाहू.

त्या काळचा उपचार अंगावर येणारा होता. आठवड्यातून एकदा इंटरफेरॉनचं इंजेक्शन, रोज रिबाविरिनच्या गोळ्या, आणि हे विषाणूच्या प्रकारानुसार २४ किंवा ४८ आठवडे. इंटरफेरॉनमुळे थंडीतापासारखी कणकण येते, पांढऱ्या पेशी कमी होतात, काहींना गंभीर नैराश्य येतं. रिबाविरिनमुळे तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन झपाट्याने खाली जातं. औषध लिहून देणं त्या मानाने सोपं होतं. पुढचं वर्षभर रुग्णाला सांभाळून पार नेणं अवघड. गावातल्या डॉक्टरने या आजारावरची चार व्याख्यानं ऐकली असती, तरी सहाव्या आठवड्यात समोरच्या माणसाचं हिमोग्लोबिन घसरल्यावर विचारायचं कोणाला, हा प्रश्न तसाच उरला असता. त्यामुळे तो उपचार सुरूच करत नसे. रुग्णाला शहराकडे पाठवत असे, आणि रुग्ण आठ महिन्यांच्या रांगेत उभा राहत असे.

न्यू मेक्सिको विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. अरोरा यांचं वैद्यकीय शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातलं. त्यांची कल्पना अशी की रुग्णाने शहरात यायचं नाही आणि तज्ज्ञाने पडद्यावरून रुग्णाला तपासायचंही नाही. गावातल्या डॉक्टर-परिचारिकांनी दर आठवड्याला ठरलेल्या वेळी एकत्र जमायचं, आपापले रुग्ण मांडायचे आणि त्यातून शिकत शिकत उपचार स्वतःच करायचे. दुसऱ्या टोकाला विद्यापीठाची एक तुकडी: यकृततज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, औषधशास्त्राचा जाणकार, परिचारिका. या दोन टोकांना जोडायला व्हिडिओ आणि फोन. पुढे या प्रयोगाचा जो अभ्यास झाला त्यात गावोगावची १६ आरोग्य केंद्रं आणि ५ तुरुंग होते.

एक बैठक जवळून

आज ‘इको’ या नावाने अनेक देशांत ज्या बैठका होतात त्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला प्रत्येकजण नाव आणि ठिकाण सांगतो. मग कोणीतरी दहा ते वीस मिनिटं एका नेमक्या मुद्द्यावर बोलतं. व्याख्यान म्हणायचं ते एवढंच. उरलेला सगळा वेळ प्रकरणांचा.

प्रकरण मांडणाऱ्याने आधीच एक ठरावीक अर्ज भरून पाठवलेला असतो. रुग्णाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असं काहीही त्यात नसतं. वय, लिंग, आजाराची अवस्था, तपासण्यांचे आकडे, चालू औषधं, घरची परिस्थिती आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ‘माझा प्रश्न काय आहे’ ही ओळ. पुढे काय होतं ते कळावं म्हणून त्या काळच्या उपचाराला धरून एक नमुना घेऊ.

समजा, एका छोट्या गावातली डॉक्टर सांगते: सेहेचाळीस वर्षांचा पुरुष, विषाणूचा प्रकार एक, उपचाराचा सहावा आठवडा. सुरू करताना हिमोग्लोबिन १४.२ होतं, आज ९.४ आहे. जिना चढताना धाप लागते, कामावर जाववत नाही, ‘मला हे सोडायचंय’ म्हणतो. एकटा राहतो, पूर्वी दारूचं व्यसन होतं. प्रश्न: औषध थांबवू का?

आता तज्ज्ञ गप्प बसतात. सूत्रसंचालक आधी इतर गावांतल्या सहभागींना फक्त माहिती काढून घेणारे प्रश्न विचारू देतो. तुरुंगातल्या दवाखान्यातला एकजण विचारतो, झोप कशी आहे? दुसरं कोणी विचारतं, इंजेक्शन कोणत्या दिवशी घेतो? मग तज्ज्ञांचे प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ विचारतात, थकवा आणि निराशा यांतलं आधी काय सुरू झालं? मांडणारी डॉक्टर थांबते, वही चाळते आणि म्हणते, हे मी त्याला विचारलंच नाही. माझ्या मते बैठकीतलं निम्मं शिक्षण या एका क्षणात होतं. पुढच्या रुग्णाला ती हा प्रश्न आपण होऊन विचारणार आहे.

त्यानंतर सल्ले, आणि तेही आधी सहभागींचे. एक परिचारिका सांगते, आमच्याकडे इंजेक्शन शुक्रवारी रात्री द्यायला लागलो, म्हणजे कणकणीचे दोन दिवस सुट्टीत जातात आणि माणूस सोमवारी कामावर उभा राहतो. हे पाठ्यपुस्तकात ठळकपणे सापडणार नाही. रोज रुग्णाला पाहणाऱ्या माणसालाच हे माहीत. शेवटी तज्ज्ञ बोलतात: हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलंय तेव्हा रिबाविरिन दिवसाला ६०० मिलिग्रॅमवर आणा, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासा, ८.५ च्या खाली गेलं तर बंद करा, आणि नैराश्याची प्रश्नावली आजच भरून घ्या. सूत्रसंचालक हे सगळं दोन-तीन वाक्यांत बांधतो. बैठकीनंतर हाच सल्ला लेखी स्वरूपात जातो. रुग्ण मात्र त्या गावातल्या डॉक्टरचाच राहतो. काय करायचं याचा निर्णयही तिचाच. आणि काही आठवड्यांनी ती याच लोकांसमोर परत येऊन पुढे काय झालं ते सांगते.

क्रमात दडलेली युक्ती

इथे कुठलंही अद्ययावत तंत्रज्ञान नाही. पडद्यावर चेहरे, माइक, एक अर्ज, बस. तरीही लोक तासन्‌तास गुंतून राहतात. का, ते पाहण्यासारखं आहे.

पहिलं कारण बोलण्याच्या क्रमात आहे. तज्ज्ञ आधी बोलला की चर्चा संपते. त्याच्यानंतर कोणी वेगळं मत मांडत नाही, कारण चुकण्याची भीती असते आणि बरोबर असण्याचा उपयोगही उरलेला नसतो. आपल्याकडे तर वडीलधारा किंवा ‘सर’ बोलून झाल्यावर तोंड उघडणं उद्धटपणाचं मानलं जातं. तज्ज्ञाला शेवटी ठेवलं की त्याच्या आधीची पंधरा मिनिटं बाकीच्यांच्या मालकीची होतात. तज्ज्ञालाही त्यातून गावातल्या लोकांना काय येतं आणि कुठे अडतं ते कळतं, आणि तो नेमकं तेवढंच सांगू शकतो. ‘सगळे शिकवतात, सगळे शिकतात’ हे इकोचं घोषवाक्य या क्रमामुळे प्रत्यक्षात येतं.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. प्रश्न शिकणाऱ्याचा स्वतःचा असतो आणि उत्तराची त्याला उद्या सकाळी गरज असते. ज्याचा रुग्ण दवाखान्यात बसलेला आहे, त्याला पडद्यावर खिळवून ठेवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. इतरांचंही लक्ष लागतं, कारण तसाच रुग्ण त्यांच्याकडे आज ना उद्या येणार असतो. ‘सहभागींना गुंतवून कसं ठेवायचं’ असं आपण विचारतो तेव्हा बहुधा आपण विषय आधी ठरवलेला असतो आणि तो लोकांच्या गळी कसा उतरवायचा, याची चिंता करत असतो. इकोत विषयपत्रिकेचा मोठा भाग सहभागी स्वतः घेऊन येतात.

तिसरं, माणसं तीच असतात. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तेच चेहरे. पहिल्या बैठकीत कोणी फारसं बोलत नाही. काही आठवड्यांत एकमेकांच्या रुग्णांची आठवण ठेवून विचारपूस सुरू होते. एकुलत्या एका वेबिनारमधून हे कधीच घडणार नाही. तिथे सूत्रसंचालकाचं कौशल्य कितीही असलं तरी विश्वास बसायला लागणारा वेळच हातात नसतो.

पडद्यामागचं काम

या प्रकरणातून बोध घेणारे लोक तज्ज्ञाकडे आणि सूत्रसंचालकाकडे पाहतात. समन्वयकाकडे सहसा कोणी पाहत नाही. बैठक उभी राहते ती त्याच्या कामावर. प्रकरणाचा अर्ज आधी मागवून घेणं, अर्धवट असेल तर फोन करून पूर्ण करून घेणं, रुग्णाची ओळख कुठे उघड होत नाही ना हे पाहणं, नव्या सहभागीचा आवाज-कॅमेरा आधीच तपासणं, दोन बैठकांना न आलेल्या माणसाला सहज फोन करणं, आणि नंतर लेखी सल्ला पाठवणं. बैठकीची पहिली दहा मिनिटं ‘आवाज येतोय का’ यात गेली, तर पुढे कितीही चांगली चर्चा झाली तरी लोकांनी मनातून बैठक सोडलेली असते. समन्वयकाने आदल्या दिवशी केलेल्या चार फोनमुळे ही दहा मिनिटं वाचतात.

सूत्रसंचालकाचं मुख्य काम बोलायला लावण्याचं, आणि ते नाव घेऊन. ‘कुणाला काही शंका?’ हा आपल्या ऑनलाइन वर्गांतला सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत कमी उत्तरं मिळणारा प्रश्न आहे. शंका आहे म्हणणं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत कबूल करणं. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात तुमच्याकडे असाच रुग्ण होता, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?’ असं नाव घेऊन विचारलं, तर समोरच्याला त्याच्या अनुभवाचा मान मिळतो आणि तो बोलतो. विचारल्यावर थांबायचंही असतं. ऑनलाइन बैठकीत माइक सुरू करायला, शब्द जुळवायला वेळ लागतो. ती शांतता सूत्रसंचालकाला सहन व्हायला हवी.

काय साधलं

जून २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष आले. एकूण ४०७ रुग्ण. त्यांतल्या १४६ जणांवर विद्यापीठाच्या रुग्णालयात तज्ज्ञांनी उपचार केले होते, आणि २६१ जणांवर गावांतल्या व तुरुंगांतल्या इको केंद्रांत. विषाणू शरीरातून कायमचा गेला असं मानण्याचं प्रमाण विद्यापीठात ५७.५ टक्के निघालं आणि इको केंद्रांत ५८.२ टक्के. उपचाराला सहजी दाद न देणाऱ्या पहिल्या प्रकारच्या विषाणूतही चित्र तेच: ४५.८ आणि ४९.७. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के रुग्णांत दिसले, केंद्रांत ६.९ टक्के.

या आकड्यांचा अर्थ जपून लावायला हवा. रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली नव्हती. विद्यापीठाकडे जास्त गुंतागुंतीचे रुग्ण गेले असण्याची शक्यता उरतेच. सहभागी झालेले डॉक्टर आपणहून आलेले होते. पण ज्यांच्या मनात ‘गावातल्या डॉक्टरला हे झेपणार नाही’ अशी शंका होती, तिचं उत्तर या आकड्यांनी दिलं. त्याआधी, २०१० मध्ये आलेल्या एका लेखात सहभागी डॉक्टरांनी स्वतःच्या क्षमतेला दिलेले गुण होते: सातपैकी सरासरी २.८ वरून वर्षभरात ५.५. एकटेपणा कमी झाला, असंही अनेकांनी नोंदवलं. शंभर किलोमीटरच्या परिसरात एकटाच डॉक्टर असलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

हिपॅटायटिस सीवर २०१३ च्या अखेरीपासून नव्या गोळ्या आल्या आणि इंटरफेरॉनचा तो खडतर काळ मागे पडला. बैठकीची पद्धत मात्र इतर आजारांत आणि इतर देशांत गेली. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यासाठी ती वापरली.

आपल्या शिक्षकांच्या बैठकीत हेच आणायचं तर

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी जितके वेबिनार पाहिले तितके त्याआधी कधी पाहिले नसतील. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी चित्र सारखंच असे. चॅटमध्ये ‘उपस्थित’, ‘शुभ सकाळ सर’, ‘खूप छान मार्गदर्शन’ अशी रांग, शेवटी अभिप्रायाचा अर्ज आणि त्यावर ई-प्रमाणपत्र. दोष शिक्षकांना देण्यात अर्थ नाही. हजर राहणं एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित होतं आणि ते त्यांनी केलं. मांडणीच अशी होती की शिक्षकाच्या वर्गात काल काय अडलं, हे विचारायला जागाच नव्हती.

इकोची रीत इथे कशी दिसेल, ते पाचवीच्या गणितावरून पाहू. एक शिक्षिका आपल्या विद्यार्थ्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो आणते. त्यावर लिहिलंय: ४०३ − १६७ = ३६४. अर्जात मुलाचं नाव नाही, शाळेचं नाव नाही. इयत्ता, घरी बोलली जाणारी भाषा, त्याने सोडवलेली आणखी दोन-तीन गणितं, बाईंनी आजवर काय करून पाहिलं, आणि प्रश्न: हातच्याची वजाबाकी तीनदा शिकवली तरी हा असंच का करतो?

आधी इतर शिक्षकांचे प्रश्न. ५२ − २७ किती लिहिलं? ३५. हातचा न लागणारं, ४७५ − १३२ सारखं? ते बरोबर, ३४३. कोणीतरी ओळखतं: मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय. सातातून तीन गेले चार, सहातून शून्य गेलं सहा. त्याच्या डोक्यात एक पक्का नियम आहे आणि तो तो नियम न चुकता पाळतोय.

मतदानाचं बटण वापरायचं तर ते इथे. सूत्रसंचालक विचारतो: याच मुलाला ७०० − २५८ दिलं तर तो काय लिहील? उत्तर ४४२ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाचं उत्तर ओळखायचंय. ज्यांना त्याचा नियम कळला ते ५५८ निवडतील. असं मतदान विचार करायला लावतं, आणि त्यानंतरची चर्चाही पेटते, कारण प्रत्येकाने आधी बाजू घेतलेली असते. ‘वजाबाकी महत्त्वाची आहे का, हो किंवा नाही’ अशा मतदानाने बोटं हलतात, पुढे काही होत नाही. लहान गटांच्या खोल्यांचंही तसंच. ‘पाच मिनिटं चर्चा करा’ म्हणून लोकांना खोल्यांत पाठवलं तर पहिली तीन मिनिटं ‘काय करायचंय?’ यात जातात. हातात वहीचं पान असेल आणि ‘या मुलाला उद्या पहिला प्रश्न कोणता विचाराल, एकच वाक्य लिहून आणा’ एवढं नेमकं काम असेल, तर खोलीचा उपयोग होतो.

मग सल्ले. एक शिक्षक म्हणतो, मी काड्यांचे गठ्ठे सोडायला लावतो. दुसरी म्हणते, शंभराची नोट मोडून दहाच्या नोटा, दहाची मोडून रुपये. शेवटी विषयतज्ज्ञ: ४०३ मध्ये अडचण दुहेरी आहे, कारण दशकाच्या घरात शून्य आहे. एक शतक सोडून दहा दशक करायचे, त्यांतलं एक सोडून दहा एकक. म्हणजे ३ शतक, ९ दशक, १३ एकक. मुलाला आधी हे नुसतं मांडायला सांगा, वजाबाकी नंतर. आणि सोडवताना त्याला मोठ्याने बोलायला लावा. दोन आठवड्यांनी बाई त्याच मुलाचं नवं पान घेऊन येतात.

आपल्याकडे दर महिन्याला केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. तिच्या जोडीला ऑनलाइन असा एक गट पंधरवड्याला चालवणं फारसं खर्चिक नाही. अडचण दुसरीकडेच येईल, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वहीचं चुकलेलं पान सगळ्यांसमोर ठेवायचं म्हणजे आपल्या वर्गात काय जमत नाही ते दाखवायचं. त्या बैठकीत गटशिक्षणाधिकारी किंवा केंद्रप्रमुख अधिकारी म्हणून बसलेले असतील तर शिक्षक सुबक अक्षरातली, सगळी बरोबर असलेली पानंच आणतील. त्यांनी यावं, पण स्वतःही एखादं अडलेलं प्रकरण घेऊन यावं. नाहीतर त्या तासापुरतं बाहेर राहावं. बैठकीत दिसलेल्या गोष्टीवरून कोणालाही विचारणा होणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगायचं आणि पुढे पाळून दाखवायचं. भाषाही तीच हवी जी शिक्षक वर्गात बोलतात. तज्ज्ञ इंग्रजी शब्दांत बोलू लागला की निम्मी माणसं श्रोत्यांच्या भूमिकेत जातात.

संख्येचा मोह हा दुसरा धोका. पाचशे जणांची ऑनलाइन बैठक भरली की आयोजकाला समाधान वाटतं. पण पाचशे जणांत नाव घेऊन विचारता येत नाही आणि सगळ्यांची प्रकरणं कधीच येणार नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेत कोविडच्या काळात वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रांसाठी सरकारी मदतीने इकोच्या बैठका सुरू झाल्या. नऊ हजारांहून अधिक केंद्रं सहभागी झाली. त्यांना एकाच दुव्यावर न बसवता देशभरातल्या सुमारे शंभर प्रशिक्षण केंद्रांत वाटलं आणि पुढे छोटे गट केले. सोळा आठवडे तेच गट भेटत राहिले. प्रत्येक केंद्राला सहभागासाठी सहा हजार डॉलर भरपाई दिली गेली, कारण कर्मचाऱ्याचा एक तास म्हणजे त्या ठिकाणच्या कामातून काढलेला तास. आपल्या शिक्षकांकडून रविवारी सकाळी किंवा रात्री नऊला फुकट वेळ मागताना हे लक्षात ठेवावं.

जिथे पद्धत कमी पडली

इकोची बाजू मांडताना एक अभ्यास झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. मुलांमधला स्वमग्नपणा (ऑटिझम) गावातल्या डॉक्टरांनी लवकर ओळखावा, यासाठी अशाच बैठका घेतल्या गेल्या आणि दहा ठिकाणच्या १४८ डॉक्टरांवर त्यांची काटेकोर चाचणी झाली. निष्कर्ष २०२० मध्ये ‘जामा पेडियाट्रिक्स’मध्ये आले. डॉक्टरांचं ज्ञान वाढलं, आत्मविश्वास वाढला. पण रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांच्या प्रत्यक्ष चाळणी-तपासणीत म्हणण्याजोगा बदल दिसला नाही.

हिपॅटायटिसच्या वेळी जमलं आणि इथे का नाही? माझा अंदाज असा की हिपॅटायटिसमध्ये डॉक्टर आपलाच रुग्ण आठवड्यामागून आठवडा चालवत होता. सल्ला मिळाला की तो लगेच वापरावाच लागे आणि रक्ताचा अहवाल त्याची परीक्षा घेई. प्रत्येक लहान मुलाची चाळणी करायची तर दवाखान्याची रोजची घडी बदलावी लागते: कोणता अर्ज कोण भरणार, कधी भरणार, त्याला वेळ कुठून काढणार. बैठकीत बोलून हे बदलत नाही. त्यासाठी त्या जागी दुसरं काही करावं लागतं.

म्हणून शिक्षकांच्या गटातही ‘बैठक आवडली का’ हा अभिप्रायाचा अर्ज पुरेसा नाही. वजाबाकीच्या गटासाठी नोंद ठेवणं अवघड नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांना तीच सहा गणितं द्यायची, त्यांतली दोन मधल्या घरात शून्य असलेली. तीन महिन्यांनी तशीच सहा पुन्हा. किती मुलांनी बरोबर सोडवली, आणि चुकलेल्यांत जुना नियम किती जणांच्या वहीत अजून टिकून आहे, हे मोजायचं. जे शिक्षक गटात नव्हते त्यांच्यातल्या काहींनी तीच गणितं दिली तर तुलनाही होईल. आणि ज्या वर्गात काहीच हललं नाही, त्या वर्गाचं पान पुढच्या बैठकीचं पहिलं प्रकरण.